विहीणबाईंचं बटण

शिल्पाच्या लग्नाच्या डीव्हीडीला मेनू करायचा, ही कल्पना माझी होती. हे आता आमच्या घरात कोणीच नाकारत नाही. (सुरुवातीला आमचे वडील, अण्णा, सगळ्यांना सांगत होते की कल्पना त्यांची. लातूरच्या प्रकरणानंतर त्यांनी ती मोठ्या मनानं माझ्या नावावर केली.)

शिल्पा माझी धाकटी बहीण. त्या वर्षी मे महिन्यात नांदेडला तिचं लग्न झालं आणि ती लातूरला सासरी गेली. शूटिंगवाल्यानं नंतर जे आणून दिलं ते हळदीपासून पाठवणीपर्यंत एका दमात पळणारं होतं. पाठवणीत कोण कोण रडलं हे बघायचं, तर आधी सगळी मंगलाष्टकं सोसावी लागत. मी कॉलेजच्या ऑफिसात कारकून असलो तरी कॉम्प्युटरचा कोर्स केलेला माणूस! घरच्या कॉम्प्युटरवर डीव्हीडी बनवायचं सॉफ्टवेअर होतं, त्यात मेनू करता येई. म्हणजे टीव्हीवर आधी एक पान येतं, पानावर बटणं असतात. रिमोटच्या बाणांनी हव्या त्या बटणावर जायचं, ते उजळल्यावर ओके दाबायचं, की तेवढाच भाग सुरू. मी चार बटणं केली: साखरपुडा, हळद, लग्न, पाठवणी. मागे सनई लावली. तिथंच थांबलो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

"झ्याक झालंय," अण्णा म्हणाले. "पण मानसं कुठं हैत?"

"आत आहेत की. बटण दाबलं की दिसतात."

"आत कोन बघतंय? पत्रिकेत नावं बाहेर असतेत का आत?"

या प्रश्नाला सॉफ्टवेअरमध्ये उत्तर नव्हतं. पत्रिकेत नाव राहिलं म्हणून आमची अर्धी भावकी अजून उरलेल्या अर्ध्या भावकीशी बोलत नाही. म्हणून मी आणखी एक पान केलं, 'मानाची मंडळी'. त्यावर प्रत्येकाचा छोटा फोटो, आणि फोटोवर ओके केलं की त्या माणसाचं लग्नातलं शूटिंग.

ही बातमी कशी फुटली कोण जाणे, पण मुखेडची आत्या एस्टीनं थेट घरी येऊन कॉम्प्युटरसमोर बसली.

"मला कडंला कशाला टाकलास रे? मी काय उंबऱ्यात बसले होते लग्नात?"

आत्याला आत घेतलं, तर देगलूरचे मामा कडेला गेले. मामांचा फोन आला. "भाचे, आमाला खाली ढकलायलात म्हनं तुमी?" मामांना वर घेतलं, तर धर्माबादचे काका आत्याच्या खाली आले, आणि त्या दोघांचं प्लॉटवरून वाकडं! पत्ते पिसावेत तसा मी नातेवाईक पिसत होतो.

अखेर सगळे बसले. आईनं चष्मा लावून पान नीट बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे, विहीणबाई कुठं हैत?"

शिल्पाच्या सासूबाईच राहिल्या होत्या! मी तातडीनं त्यांना पानाच्या बरोब्बर मध्ये बसवलं, सगळ्यांपेक्षा मोठं केलं आणि मान म्हणून फोटोभोवती सॉफ्टवेअरमधला झेंडूचा हार घातला.

"जित्या मानसाच्या फोटोला हार घालतेत व्हय रे मुडद्या?" आई ओरडली.

हार काढला आणि सोनेरी चौकट घातली. माऊसनं फोटोवर टिचकी मारली, विहीणबाईंचं शूटिंग सुरू झालं. झालं काम!

आता यातली मेख सांगतो. रिमोटचा बाण दाबल्यावर कुठल्या बटणावरून कुठल्या बटणावर जायचं, हे सॉफ्टवेअर आपलं आपण ठरवतं. पण माझ्या पिसापिशीत ते वाटेल तसं उड्या मारायला लागलं, म्हणून मी त्याची अक्कल बंद करून सगळ्या वाटा माझ्या अकलेनं जोडल्या होत्या. विहीणबाई आल्या त्यानंतर. त्यांच्याकडे जाणारी वाट मी कुठूनच जोडली नाही. माऊसनं वाटेशिवायही पोचता येतं, त्यामुळे घरी काही कळलं नाही. टीव्हीला माऊस नसतो. हे ज्ञान मला लातुरात झालं, अख्ख्या गल्लीसमोर.

लातूरला मी गेलो होतो मुराळी म्हणून. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला लेक माहेरी येते आणि तिला आणायला भाऊ जातो. शिल्पा श्रावण लागायच्या आधीपासून फोन करत होती. झोका बांधला का, मेंदी आणली का, मैत्रिणी येणार का. तिचा सगळा जीव त्या पंचमीत अडकला होता. शेवटच्या फोनवर तिनं आईला बजावलं, "दादाला लवकर पाठव. अन् म्हनावं, माझ्या सासरी येऊन शानपना करू नको."

मी सोबत डीव्हीडी घेतली. दाजींना सगळं शूटिंग काढून द्यावं म्हणून हार्डडिस्कही घेतली. (शहाणपणा म्हणतात तो हाच.)

लातूरला बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. विहीणबाईंनी गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावणं धाडलं होतं. "आमच्या पाव्हन्यानं सोताच्या हातानं बनवलंय," त्या प्रत्येकीला सांगत होत्या. मी फुगलो होतो. सनई वाजली, 'मानाची मंडळी'चं पान उघडलं आणि मध्ये सोनेरी चौकटीत विहीणबाई!

"अगं बया, कमलताई मधात हैत की!" बायका म्हणाल्या.

विहीणबाईंनी पदर सावरला आणि रिमोट हातात घेतला.

"मावशी, बाण दाबत दाबत तुमच्यावर या अन् ओके करा," मी म्हणालो.

त्यांनी उजवा बाण दाबला. मुखेडच्या आत्यावरचा उजेड त्यांच्या डोक्यावरून उडून देगलूरच्या मामांवर पडला. डावा दाबला, परत आत्या. खालचा दाबला, धर्माबादचे काका.

"माझ्यावर थांबंना झालंय की हे."

"जरा हळू दाबा, मावशी."

त्यांनी हळू दाबलं. उजेड त्यांच्यावरून हळू उडाला असं काही झालं नाही, मघासारखाच उडाला.

शिल्पाचे सासरे म्हणाले, सेल गेले असतील. सेल बदलले. दाजींनी रिमोट तळहातावर आपटला. शेजारच्या एक काकू म्हणाल्या, टीव्हीच्या जवळ जाऊन दाबा. या झटापटीत कुणाचं तरी बोट ओकेवर पडे आणि देगलूरचे मामा सुरू होत. मामा जिलेबी खात होते. बंद करून परत पानावर यावं, दोन बाण दाबावेत, की परत मामा आणि परत जिलेबी!

"हे कोन हैत?" एकीनं विचारलं.

"देगलूरचे मामा," मी म्हणालो.

"लई खायलेत की ओ!"

शेवटी विहीणबाईंनी रिमोट खाली ठेवला. टीव्हीत सनई वाजतच होती.

"पाव्हने," त्या शांतपणे म्हणाल्या, "लग्नात बी असंच झालतं. पंगतीत मला मधात बसवलं. वाढपी इकून आले, तिकून गेले. माझ्या ताटापशी कोनी थांबलं न्हाई. मी म्हनलं जाऊ द्या, गडबड असंल. आता हे टीव्हीत बी तसंच?"

मला खरंच वाईट वाटलं. इतके महिने त्या बाईनं हे मनात ठेवलं होतं आणि मी त्याचा पुरावा स्वतः बनवून, सोनेरी चौकटीत घालून आणला होता.

"शिल्पाला पाठवायचं मंग बघू," असं म्हणून त्या आत गेल्या.

स्वयंपाकघराच्या दारात शिल्पा उभी होती. डोळे भरलेले, हातात लाटणं.

"दादा, तू मला न्यायला आलायस का हितंच कायमची पुरायला?"

मी विहीणबाईंच्या मागे धावलो. "मावशी, नांदेडला नेतो, दुरुस्त करतो अन् लगेच पाठवतो!"

"तुमच्याकडून काय पाठवतेत? लग्नातली साडी बदलून देतो म्हनलतं, ती अजून यायलीय."

"त्याच्या पिशवीत हार्डडिस्क हाय," शिल्पा म्हणाली. सख्खी बहीण! "सगळं शूटिंग हाय त्यात. अन् ह्यांचा कॉम्प्युटर वर माडीवर हाय."

विहीणबाई थबकल्या. "म्हंजी हितंच हुतंय की."

"होतं, पण वेळ लागतो, मावशी. सॉफ्टवेअर टाकायचं, सगळं नव्यानं जुळवायचं. अन् पंचमी तर उद्याच आहे."

सासरे कापडाचे व्यापारी, तोडगा काढण्यात मुरलेले. ते म्हणाले, "त्यात काय अवघड? सुनंला पाठवायचा शब्द दिलाय, ती अमोलसंगं जाईल. पाव्हने थांबतील."

कुणाचीच हरकत नव्हती. मला कोणी विचारलं नाही.

बसस्टँडवर शिल्पा खिडकीत बसली. शेजारी अमोलदाजी. चेहरा असा फुललेला, की लग्नातही नव्हता. बस हलली तशी ती बाहेर वाकून म्हणाली, "दादा, नीट ऱ्हा. सासूबाईला उलटून बोलू नको. सकाळी लवकर ऊठ. अन् च्याचा कप आपला आपन विसळायचा बरं का!"

पंचमीच्या दिवशी मी पहाटे उठलो, कप विसळला आणि माडीवर जाऊन बसलो. विहीणबाई शेजारी स्टूल टाकून बसल्या.

"आता कुठनं कुठं चाललाय बान?"

"आत्यावरून तुमच्यावर."

"अन् माझ्यावरनं?"

"कुठं जाऊ द्यायचा, मावशी?"

त्यांनी विचार केला. "जाऊ द्या मामावर. पर माझ्यावर आधी थांबला पायजे."

मग शूटिंगमध्ये त्या घाम पुसताना दिसतात म्हणून ते बदललं. दुसऱ्यात पदर घसरलाय म्हणून तेही बदललं. मध्येच त्यांनी मला खाली नेऊन जेवायला बसवलं. उकडलेले पुरणाचे दिंड, वर तुपाची धार. माझं ताट रिकामं होईपर्यंत त्या ताटाजवळून हलल्या नाहीत. पंगतीत कसं वाढतात हे मला न बोलता दाखवत होत्या, असं मला वाटलं आणि मी खाली मान घालून जेवलो.

संध्याकाळी डीव्हीडी तयार झाली. गल्ली परत जमली. विहीणबाईंनी बाण दाबला आणि सोनेरी चौकट लख्ख उजळली! ओके दाबलं, त्या स्वतः टीव्हीभर झाल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या. विहीणबाई लाजल्या, हसल्या आणि मला म्हणाल्या, "गुनाचं हाय हो लेकरू."

मी हळूच पिशवी उचलली. "मग निघू का, मावशी?"

"अशी काय घाई हाय? थोरल्या लेकीच्या लग्नाचं शूटिंग हाय घरात. तिच्या सासूला बी मधात बसवा. लई रुसकी बाई हाय ती."

तेवढ्यात नांदेडहून आईचा फोन आला. मागे बायकांची गाणी आणि झोक्यावर खिदळणारी शिल्पा ऐकू येत होती.

"कवा येनार रे बाबा तू?"

विहीणबाई दारात उभ्या होत्या. मी आवाज खाली घेतला.

"सासूबाई पाठवतील तवा!"