कराच्या दिवशीचा डाव

माझ्या सासऱ्यांना रमीत हरवणं एक वेळ जमायचं. हरल्यावर दिलेला शब्द त्यांच्याकडून पाळून घेणं जमत नव्हतं. निदान मला तरी एकटीला जमलं नसतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे कराला, आमच्याकडे देऊळघाटात बैल जुंपत नाहीत. जेवणं आटोपली की ओसरीवर सतरंजी पडायची आणि सगळं घर रमीला बसायचं, बायकासुद्धा. पैसे लावायचे नाहीत. ज्याचे एकशे एक गुण भरले तो उठला, आणि शेवटी जो उरेल त्यानं एक गोष्ट मागायची. मामंजींनी ती नाकारायची नाही. हा नेम त्यांनी स्वतःच घातलेला. बहुतेक वर्षी तेच जिंकायचे, आणि मागायचे काय, तर उद्या पुन्हा पुरणपोळ्या. म्हणजे जिंकणार ते आणि चुलीपुढे राबणार आम्ही! लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला मी हे पाहिलं आणि मनातल्या मनात चरफडले.

खेळायला मात्र त्यांनीच शिकवलं. पाऊस लागून शेतात जाता आलं नाही की हाक मारायचे. म्हणायचे, "पोरी, पानं मंग पाह्य. पयले आपले गुण पाह्य, दुसऱ्याचे पाह्य, अन् आपुन टाकलेलं पान कोन उचलते थे पाह्य. चांगल्या पानावर कोनी जितत नाही. जो टिकून राह्यते, थो जितते." मी मान डोलवायची. हे शहाणपण आपल्यावरच उलटेल असं त्यांना वाटायचं काही कारण नव्हतं.

दुसऱ्या पोळ्याला मला मागायचं होतं. नवं राज्य झालं होतं, गावोगाव शाळा निघत होत्या आणि मास्तरणी मिळत नव्हत्या. मी मॅट्रिक झालेली. बुलढाण्याला ट्रेनिंगला माझा नंबर लागला होता आणि पोळा झाला की तिथे राहायला जायचं होतं. नवरा राजी होता, पण वडिलांपुढे तोंड उघडायची त्याची छाती नव्हती. मामंजी म्हणाले होते, "पाहू." आमच्या घरात 'पाहू' म्हणजे नाही. तेव्हा राहता राहिली ती सतरंजी.

दीर आधी उठला, त्याच्या मागोमाग नवरा. उरलो तिघं. मामंजींचे गुण चाळिशीत, माझे सत्तर, आत्याबाईंचे पंचाण्णव. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई; त्या कधी जिंकल्या नव्हत्या. पानं वाटली की मुकाट्यानं खेळायच्या आणि उठून चहा ठेवायच्या. त्यांना मी हिशेबातच धरलं नव्हतं.

मला पानं आली ती पाहून जीव सुपाएवढा झाला. तीन राजे आणि जोकर! पण जोकराशिवाय एका रंगाची ओळीनं तीन पानं लागलेली नसतील तर रमीत बाकी सगळं फुकट. दुसऱ्याचा डाव लागला की हातातली सगळी पानं अंगावर येतात. माझ्याकडे तशी ओळ नव्हती. खेळायच्या आधीच पानं खाली ठेवली तर वीसच गुण बसणार होते. त्या राजांकडे पुन्हा पुन्हा पाहिलं, आणि ठेवली पानं खाली.

दिरानं ती उलटून पाहिली आणि कपाळावर हात मारला. "वहिनी, राजे काऊन टाकले वो? येड लागलं का?"

मामंजी खुशीत हसले. त्यांना आता घाई नव्हती. मोठी मोठी पानं धरून ते ऐटीत बसले. आणि आत्याबाईंनी डाव लावला. मामंजींच्या हातात राण्या, गुलाम, एक्के, सगळे तसेच. मोजून झाल्यावर ते सतरंजीवरून सरकून खांबाला टेकले. मी खेळले असते तर त्यांच्याबरोबर मीही उठले असते.

आता माझे नव्वद, आत्याबाईंचे पंचाण्णव. पानं खाली ठेवायची सोय दोघींनाही उरली नव्हती. तेव्हा मी पहिल्यांदा आत्याबाईंकडे नीट पाहिलं. ही बाई काहीतरी मागायला बसलेली होती. चहाचं नाव नव्हतं, पदर खोचलेला, नजर पानांवर. मला भीती वाटली, खरंच वाटली.

माझा डाव जवळजवळ लागलेला. किलवरची पंजी-छक्की जोडीदाराची वाट पाहत होती, आणि इस्पिकची नव्वी उगाच हातात होती. तेवढ्यात चौकटची छक्की आली. ती ठेवली असती तर डाव लागायला दोन वाटा झाल्या असत्या, फक्त नव्वी टाकावी लागली असती. पण मघाशी आत्याबाईंनी मी टाकलेली इस्पिकची अठ्ठी झटकन उचलली होती. मी छक्की टाकली. मागे नवरा कण्हला. दोन-तीन फेऱ्या नुसतं पान उचलायचं आणि तेच टाकायचं चाललं होतं. मग किलवरची चौकी आली. मी पानं मांडली आणि नव्वी उलटी ठेवली.

आत्याबाईंनी ती सुलटी केली. "ह्याच्याचसाठी बसली होती मी," त्या म्हणाल्या.

मी मामंजींकडे वळून एका दमात सांगितलं, मला बुलढाण्याला पाठवा. मामंजींनी खांबामागून हळूच पान काढलं, तंबाखूचं. "जाशीन न. कोन नाही म्हनते? कापूस निघू दे, मंग पुढच्या साली पाहू."

"पुढच्या साली काऊन?" आत्याबाईंचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "डाव आज लागला न? नेम तुमचाच हाये. आजवर तुम्ही जितले तवा म्या पोळ्या पुढच्या साली लाटल्या का?"

हातातली तंबाखू तशीच धरून मामंजी म्हणाले, "जाय बा."

मला रडू फुटलं. मी आत्याबाईंच्या मागोमाग चुलीपाशी गेले आणि विचारलं, तुम्ही जिंकला असता तर काय मागितलं असतं?

"तू जाऊ नाही, हेच," त्या चहाचं आधण ठेवत म्हणाल्या. "मले घरात सून पाह्यजे होती. आता थापा लागतीन भाकरी एकटीले." मग त्यांनीच विचारलं, "नव्वी काऊन दाबून धरली वं?"

"तुम्ही अठ्ठी उचलली होती."

"पाह्यलं होतं तर तुनं," त्या म्हणाल्या, आणि हसल्या.

निघायच्या दिवशी माझी ट्रंक त्यांनीच भरली. लुगड्यांवर पत्त्यांचा कॅट ठेवला. मामंजींनी विचारलं, पोरीले तिथं शिकायचं हाये का खेळायचं? त्यांच्याकडे लक्ष न देता आत्याबाई मला म्हणाल्या, "हात चालू ठेव. पुढच्या कराले ये, मले अजून मागाचं हाये."