आकारामचा मुकादम

येत्या मार्चअखेर मी निवृत्त होईन. निरोपसमारंभात आभार मानायची पद्धत असते आणि त्यात वरिष्ठांची नावं आधी घ्यावी लागतात. ज्याचं नाव मला सगळ्यांत आधी घ्यायचं आहे, तो तिथं कुणालाच माहीत नसेल. म्हणून आकाराम बनसोडेबद्दल हे आधीच लिहून ठेवतो.

आकाराम वडूजचा. वडील तो लहान असतानाच गेले. आई पारूबाई लोकांच्या रानात खुरपायला जायची आणि हंगाम आला की ऊसतोडीच्या टोळीत. छप्पन साली त्यांच्या घरानं बौद्ध धर्म स्वीकारला. त्यानंतर तो साताऱ्याला वसतिगृहात राहून शिकला, गणितात एम.एस्सी. झाला आणि सांगलीत नोकरीला लागला. मी तेव्हा नुकताच बी.कॉम. होऊन तिथंच कारकून झालो होतो.

आमची जागा म्हणजे एका तांत्रिक संस्थेच्या मागची पत्र्याची शेड. संगणक तिथं नव्हता. तो मुंबईला, एका मोठ्या संस्थेत. आमच्याकडे संगणकाला द्यायचा मजकूर उतरवण्यासाठी कार्डांना भोकं पाडायचं एक यंत्र, कार्डांचे ट्रे आणि लिमये सर. सरांनी मुंबईहून कंपायलर लिहायचं काम आणलं होतं. माणूस आकडेमोड सूत्रांत लिहितो, यंत्राला फक्त त्याच्या आज्ञा कळतात. सूत्रांचं आज्ञांत रूपांतर करतो तो कंपायलर. पण नुसतं रूपांतर केलेलं काम फार वेळ खायचं. म्हणून त्यावर सुधारणा करणारे छोटे प्रोग्रॅम एकामागून एक चालवायचे. एक प्रोग्रॅम दोनदा केलेला हिशेब एकदाच ठेवायचा, दुसरा बिनकामाच्या ओळी काढून टाकायचा.

या सुधारणांना आम्ही ‘हात’ म्हणायचो. तो शब्द लालासाहेब पवारांचा. ते पलूसचे, घरचा बागायती ऊस, आकारामहून थोडे मोठे आणि शेडमधले आणखी एक प्रोग्रॅमर. “भुई सारवताना पयला हात, दुसरा हात फिरवत्यात न्हवं? त्यातलंच हाय हे,” असं त्यांनी मला पहिल्या दिवशी समजावलं होतं.

अडचण अशी की प्रत्येक हात आपलं काम संपलं की पुढच्याला स्वतःच बोलवायचा. सगळे एका साखळीत शिवलेले. मधे नवा हात घालायचा म्हटलं की मागचीपुढची कार्डं बदला. एखादा काढायचा म्हटलं की साखळीच तुटायची.

“सर, टोळीतली बाई शेजारणीला काम सांगत नाही,” आकाराम एकदा म्हणाला. “ते मुकादम सांगतो. आपल्यालाही एक मुकादम लागेल.”

सरांनी परवानगी दिली. आकारामनं मुकादमाची कार्डं लिहायला घेतली. कुठल्या हाताला कधी बोलवायचं आणि आज कुणाला घरी बसवायचं, हे मुकादम ठरवणार. एका हातानं काही बदललं की बाकीच्यांना पुन्हा बोलवणार, कारण बदलामुळं त्यांना नवं काम सापडू शकतं. कुणालाच काही सापडलं नाही की सुट्टी.

माझ्याकडं पडताळणी होती. एकच गणित एकदा एकही हात न फिरवता चालवायचं आणि एकदा सगळे हात फिरवून. दोन्ही कागद शेजारी ठेवून उत्तरं जुळवायची. वेळ कमी लागला तरी उत्तर तेच यायला हवं. कॉमर्सवाल्याला हे काम परकं वाटण्याचं कारण नव्हतं.

आकारामची नेमणूक तात्पुरती होती. मुकादम चालला तर ती कायम होणार, नाही चालला तर दिवाळीला जागाच रद्द. पारूबाईचे गुडघे धरले होते. तिला सांगलीला आणून टोळीतून कायमचं सोडवायचं, एवढंच त्यानं मनात धरलं होतं.

कोयनेच्या भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात पहिली मोठी चाचणी झाली, आणि यंत्र थांबेचना. मुंबईच्या ऑपरेटरनं शेवटी ते बंद केलं. आमच्या वाट्याचा सगळा वेळ संपला, हाती उत्तराची एक ओळ नाही.

“जुनी साखळीच बरी,” लिमये सर म्हणाले. “ती निदान थांबायची. मुंबईला अहवाल द्यायच्या आधी आपल्याला यंत्र एकदाच मिळणार आहे, बनसोडे. ते मी मुकादमावर घालवू का?”

दोष कुठल्यातरी हातात होता, आणि प्रत्येक हात शेडमधल्या कुणा एकानं लिहिलेला. पण आमच्या शेडमध्ये दुसऱ्याच्या ट्रेला कुणी हात लावत नसे. गावाकडं दुसऱ्याच्या रानात न विचारता शिरत नाहीत, तीच रीत. अमक्याचा हात चुकला म्हणणं म्हणजे अमका चुकला म्हणणं.

“सर, बिघाड मुकादमच दाखवेल,” आकाराम म्हणाला. “दर वेळी एकेका हाताला घरी बसवून चालवू. साखळीत हे करताच येत नव्हतं. आणि खूपच फेऱ्या झाल्या तर मुकादमानं स्वतः शिट्टी मारून काम थांबवायचं, तेवढी कार्डं मी घालतो.”

“आनी माझाच हात चोर निघाला तर रं?” लालासाहेबांनी विचारलं.

“पयला माझा बसवतो, मग तुमचा. रांगंत मानपान न्हाई.”

“ब्येस! ‘घरी बस’ ऐकायची मला सवय हाय. आमचं वडील, आण्णा, रोज त्येच म्हणत्यात.”

सर हसले आणि ‘जा’ म्हणाले. आकाराम ट्रे घेऊन एसटीनं मुंबईला गेला. परतला तेव्हा मी स्टँडवर होतो. काखेत कागदाची गुंडाळी, चेहऱ्यावरून काही कळेना. शेडमध्ये आल्यावर त्यानं कागद जमिनीवर पसरले.

बाकी कुठलाही हात घरी बसवला तरी मुकादमाला शिट्टी मारावी लागली होती. आकारामचा हात घरी बसवल्यावर मात्र यंत्र नीट थांबलं होतं. म्हणजे चूक आकारामचीच, असं मी धरलं.

“पुढचं बघा, भाऊसाहेब,” आकाराम मला म्हणाला. लालासाहेबांचा हात घरी बसवल्यावरही ते तसंच नीट थांबलं होतं.

“म्हंजे दोघंबी चोर?” लालासाहेब म्हणाले.

“एकटा कुणीच न्हाई. दोघं भेटलो की घोळ हुतोय.”

लालासाहेबांनी स्वतः उठून आपल्या ट्रेची दोरी सोडली. दोघांनी कार्डं शेजारी शेजारी मांडली आणि एकमेकांची वाचली. एखादा हिशेब पुन्हा पुन्हा होत असेल आणि उत्तर दर वेळी तेच येत असेल, तर आकारामचा हात तो उचलून वर न्यायचा, एकदाच व्हावा म्हणून. वर नेलेलं उत्तर सांभाळायला यंत्राच्या स्मृतीत जागा लागते आणि ती तुटपुंजी. म्हणून लालासाहेबांचा हात तोच हिशेब पुन्हा खाली आणायचा. दोघंही दर वेळी मुकादमाला सांगायचे, ‘मी बदल केला.’ मग मुकादम पुन्हा सगळ्यांना बोलवायचा.

“आरं गड्या, हे बांधाच्या दगडागत झालं की! तू हिकडं सरकवायचा, मी तिकडं. आनी मुकादम दोघांस्नीबी शाबास म्हणतोय!”

लिमये सर मात्र हसले नाहीत. “म्हणजे साखळीतसुद्धा एकाचं काम दुसरा मोडत होता. प्रत्येक जण एकदाच फिरायचा, म्हणून ते दिसलं नाही.” मग आकारामकडं वळून म्हणाले, “बनसोडे, साखळी आता विसरा.”

सरांनी स्वतः मुंबईला जाऊन आणखी वेळ मागून आणला. लालासाहेबांचा हात सगळ्यात शेवटी, स्मृती अपुरी पडली तरच बोलवायचा आणि त्याच्यानंतर कुणालाच नाही, असं मुकादमाला शिकवलं. यंत्र थांबलं. मी दोन्ही कागद जुळवले. उत्तरं तीच, वेळ निम्म्याहून कमी. लालासाहेबांनी स्टँडवरून भडंग आणलं आणि आम्ही ते कार्डांच्या रिकाम्या खोक्यावर ठेवून खाल्लं. दिवाळीआधी आकारामला कायमचा हुकूम मिळाला.

पुढं मी साताऱ्याला बदलून आलो. कुठलंही काम अडलं की आधी माणसाला दोष द्यायचा नाही, एकेक गोष्ट बाजूला ठेवून बघायचं, हे मी त्या शेडमधून घेऊन आलो. माझ्या हाताखालच्या लोकांना यामुळं माझा जाच कमी झाला असेल, तर त्यांनीही आभार आकारामचेच मानावेत.

त्या दिवाळीत पारूबाई सांगलीला आली. आकारामनं तिला शेड दाखवली. ती ट्रेकडं बघत राहिली.

“हितं तू काय करतूस रं?”

“मुकादम बनवलाय, आये.”

तिचा चेहरा उतरला. उभा जन्म तिनं मुकादमाची बोलणी खाल्ली होती. “मुकादम? मग एखादीला बरं नसलं तर तिला घरी बसू द्यायला शिकीव त्येला.”

“आये,” आकाराम म्हणाला, “त्येला पयलं त्येच शिकीवलंय.”