मेश्रामांच्या ट्रकमधलं पाणी

डिझेलच्या टाकीत पाणी कधी येतं ते दिसत नाही. थेंबाथेंबानं तळाशी जमतं आणि एक दिवस गाडी खोकून उभी राहते. किस्स्यांचंही तसंच असावं. मेश्रामांच्या यार्डातले माझ्याकडे इतके साठलेत की आता काढून टाकले नाहीत तर मीच बंद पडेन. पण आमच्या सौ. म्हणतात, सांगताना मी इतक्या शंका काढतो की चहा गार होतो आणि किस्सा तिथेच राहतो. तरी प्रयत्न करतो.

मेश्राम भंडाऱ्याचे, मी अमरावतीचा. ओळख दिल्लीच्या द्वारकेतल्या सोसायटीतली. ते ऑडिटमधून रिटायर झाले, मी सरकारी प्रयोगशाळेतून. त्यानंतर मी घरी काळजी करत बसलो आणि त्यांनी ट्रक घेतला. पानिपतहून ब्लँकेटं भरायची, गुरुग्रामच्या गोदामात उतरवायची. ड्रायव्हर रामफल, रोहतककडचा. पहिल्या दिवसापासून तोच.

*

एकदा ट्रक यार्डातच अडला. डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागला होता. मेश्रामांचा फोन आला, "डॉक्टर, तुमची पीएचडी डिझेलमधल्या पाण्यावरच आहे ना? मग या की."

गेलो. फिल्टरच्या तळाशी पाणी का जमतं ते रामफलला वीस मिनिटं समजावलं. त्यानं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "तो साहब, पेंच किधर को घुमाऊँ?"

मला माहीत नव्हतं. प्रयोगशाळेत तो स्क्रू नेहमी असिस्टंट फिरवायचा.

*

मग रामफलनंच करून दाखवलं. इंजिन बंद केलं, फिल्टरखाली लोणच्याची रिकामी बरणी धरली, तळाचा स्क्रू सैल केला. आधी पाणी आलं, मग डिझेल. नुसतं डिझेल यायला लागल्यावर त्यानं स्क्रू आवळला आणि हातपंप दाबून आत शिरलेली हवा काढली.

"पानी भारी है, इसलिए पहले आता है," तो मला म्हणाला.

माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण एवढंच आहे. मला त्याला चौऱ्याऐंशी पानं लागली होती.

*

मेश्रामांचा पेट्रोल पंपावरच्या मापावर विश्वास नाही. ते स्वतः समोर उभे राहून दोन ड्रम भरून आणतात आणि रोज त्यातून ट्रकमध्ये डिझेल घालतात. हे ड्रम कसे ठेवावेत, असं त्यांनी मला विचारलं.

मी तीन दिवस विचार केला. जुन्या वह्या काढल्या. मग ग्राफ पेपरवर स्केलनं ड्रमचं चित्र काढून दिलं. ड्रम उभा ठेवावा, म्हणजे पाणी तळाशी बसेल. डिझेल काढताना नळी तळापासून चार बोटं वर धरावी. आणि आगीचा धोका नको म्हणून ड्रम शेडच्या बाहेर, उघड्यावर ठेवावेत.

रामफल चित्र बघत राहिला. "हमारे यहाँ तो लिटा के रखते हैं, साहब."

मी त्याला पुन्हा समजावलं.

"ठीक है जी. आप पढ़े-लिखे हो," असं म्हणून त्यानं ड्रम उभे केले.

*

पावसाळ्यात बरणी रोज अर्धी भरायला लागली. एकदा माल भरलेला ट्रक पानिपतच्या पुलावर दोनदा बंद पडला. गोदामवाल्यांनी मेश्रामांना फोनवर नाही नाही ते ऐकवलं.

मेश्राम संध्याकाळी माझ्याकडे आले. "चौतीस वर्षं ऑडिट केलंय, डॉक्टर. हा रामफल डिझेल काढून विकतोय आणि वर पाणी ओततोय. सांगा, शक्य आहे की नाही?"

"शास्त्रीयदृष्ट्या शक्य आहे," मी म्हणालो.

हे वाक्य मी आयुष्यभर सेमिनारमध्ये वापरलंय. त्यानं कधी कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण त्या दिवशी मेश्राम तसेच यार्डात गेले आणि त्यांनी रामफलला सांगितलं, पहली तारीख से मत आना.

*

महिना संपायला चार दिवस होते. माझं जेवणात लक्ष लागेना. सौ. म्हणाल्या, "अहो, शंका आहे तर जाऊन बघा की. इथे ताटाकडे काय बघताय?"

मी छत्री घेऊन गेलो. सर नुकतीच येऊन गेली होती. उभ्या ड्रमच्या डोक्यावर, कडेच्या आत, दोन बोटं पाणी साचलं होतं. बूच त्या पाण्यात बुडालेलं. पाठोपाठ कडक ऊन पडलं, ड्रम तापला आणि बुचाजवळून बुडबुडे यायला लागले. मग दुसरी सर आली, ड्रम गार झाला. बुडबुडे थांबले. अगदी बारीक आवाज करत ड्रम डोक्यावरचं पाणी बुचाच्या फटीतून आत ओढत होता.

शेजारी रामफल उकिडवा बसून तेच बघत होता.

"कब से मालूम है?" मी विचारलं.

"पिछले इतवार से."

"नौकरी जा रही है तुम्हारी. बोले क्यों नहीं?"

तो जरा अवघडला. "साहब, आपने नक्शा बना के दिया था."

*

मी तिथूनच मेश्रामांना फोन केला. म्हणालो, चूक माझी आहे. उभा ड्रम माझा, उघडी जागा माझी, आणि त्या दिवशीचं वाक्यही माझंच. रामफलनं थेंबभरही काही केलेलं नाही.

"डॉक्टर, चौतीस वर्षांत स्वतःहून आक्षेप मान्य करणारा माणूस मला भेटला नाही. आता पुढे काय करतात तेच मला माहीत नाही."

अर्ध्या तासात ते यार्डात आले. रामफलच्या समोर उभे राहिले, चष्मा पुसला, पुन्हा घातला. "रामफल, मुझसे गलती हुई. पहली तारीख को गाड़ी पानीपत जाएगी. तुम ही ले जाओगे."

"जी. ड्रम लिटा दूँ?"

मेश्रामांनी माझ्याकडे पाहिलं. मी छत्रीकडे पाहिलं.

*

पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा दोन्ही ड्रम शेडमध्ये विटांवर आडवे होते. रामफलनं बरणी दाखवली. तळाला जेमतेम चमचाभर पाणी होतं.

ड्रमच्या वर, भिंतीवर, माझा ग्राफ पेपर प्लास्टिकमध्ये घालून चारी कोपऱ्यांना खिळे मारून लावलेला होता. माझी सही होती, तारीख होती, चार बोटांचा बाणही होता. फक्त कागद आडवा फिरवून लावला होता.