अण्णांनी मोजलेले अकरा महिने

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. धाकटा भाऊ एवढंच म्हणाला, अण्णा सकाळी बसल्या जागी गेले. देशातल्या नावाजलेल्या व्यवस्थापन संस्थेतला तो वर्ग, आणि तिथं मी ज्यांच्यामुळे पोचले ते माझे हे थोरले चुलते... दीड महिना झाला आता.

अण्णा भालकीकडच्या एका साखर कारखान्यात चिटबॉय होते. केस पिकले तरी हुद्दा तोच, आणि आम्ही भावंडं त्यावरून त्यांना भरपूर छळायचो. कुणाचा ऊस कधी लागला याची नोंद घ्यायची आणि त्यावरून तोडणीचा नंबर लावायचा, हे त्यांचं काम. आमच्याकडे नंबर लवकर यावा म्हणून जो तो लागणीची तारीख महिना-दीड महिना मागची सांगतो. अण्णा वाद घालत नसत. एक ऊस काढायचे, कांड्या मोजायचे, चावून बघायचे आणि खरी तारीख लिहून पुढच्या बांधावर जायचे.

दीड वर्षापूर्वी मी एमबीएचा अर्ज भरत होते. कलबुर्गीत कर्ज देणाऱ्या एका छोट्या कंपनीत अकरा महिने नोकरी, एवढाच माझा फायनान्सचा अनुभव. बाकीचे अर्जदार मोठमोठ्या बँकांत तीन-चार वर्षं मुरलेले. मग मी रुजू झाल्याची तारीख चांगली वर्षभर मागं सरकवली आणि अर्जाची प्रत मोठ्या तोऱ्यात अण्णांपुढं ठेवली. त्यांचं इंग्रजी बेताचं, पण बोट नेमकं तारखेवर थांबलं. मी नोकरीला लागले तेव्हा शेजारच्या शिवारात खोडव्याच्या उसाची तोड चालू होती, हे त्यांना लख्ख आठवत होतं.

"मग दोन वरसं कशी झाली गं?"

सगळेच असं करतात, मी म्हणाले. अकरा महिन्यांवर मला कोण विचारणार, म्हणून रडलेही. अण्णा रागावले नाहीत, पण हटलेही नाहीत.

"कवळा ऊस आधी तोडला तर मालकच वजनात मार खातो. आन् तिथं बी कुणीतरी चावून बघंलच की."

धुसफुसत मी तारीख बदलली. मग त्या अकरा महिन्यांत काय केलं ते नीट लिहिलं... कर्जदारांच्या शेतावर स्वतः गेले होते, हप्ता कधी झेपेल ते पीक पाहून ठरवायला साहेबांना भाग पाडलं होतं. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, अनुभव इतका कमी कसा? कमीच आहे, मी म्हणाले, पण एका पिकाचं अख्खं वर्ष बघितलंय. पुढची वीस मिनिटं मुलाखत घेणारे उसाबद्दलच विचारत राहिले आणि मी काय, सुटलेच होते. निवड झाल्याचं कळवलं तर अण्णांनी साधं कौतुकही केलं नाही. होणारच होतं, म्हणाले.

अण्णांसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी मोठ्या आईला, म्हणजे अण्णांच्या बायकोला, मी हा किस्सा सांगितला. ती हसली आणि वेगळंच सांगू लागली. तरुणपणी नोकरी मिळावी म्हणून अण्णांनी स्वतःचं वय दोन वर्षं वाढवून लिहिलं होतं म्हणे. त्यामुळे दोन वर्षं आधीच निवृत्त व्हावं लागलं. तरी रोज सकाळी शिवारात जायचे, बिनपगारी. आम्हाला वाटायचं, सवय आहे. कामून जायलाव आता, असं तिनं एकदा विचारलं, तर म्हणाले होते, ती दोन वरसं माझ्याच नोकरीची हायेत, पुरी करायलोय.

"दोन महिने राह्यले बघ त्यातले," मोठी आई म्हणाली.

आमच्या अभ्यासक्रमात उन्हाळ्यात दोन महिने कुठंतरी काम करावं लागतं. वर्गातले सगळे मुंबईच्या बँकांकडे निघालेत. मी अण्णांच्या कारखान्यात जाते आहे.