उघडा राहिलेला नळ

भाईंदरला आम्ही नळ उघडा ठेवून झोपायचो. हसू नका. नव्वदीची सुरुवात होती, पाणी एक दिवस आड यायचं आणि कधी येईल त्याचा नेम नसायचा. म्हणून मोरीतला कोरडा नळ उघडाच ठेवायचा आणि त्याखाली पिंप. धार पडली की आवाजाने जाग येते, मग उठा, पळा, हंडे भरा. गिरगावातली एक खोली सोडून बाबांनी इथे ब्लॉक घेतला, तेव्हा खोल्या दोन झाल्या आणि पाणी गेलं.

बिल्डिंग दुमजली. तळाला दुकानं, पहिल्या मजल्यावर एक काकू आणि त्यांच्या डोक्यावर आम्ही. दोन्ही घरांना पाण्याची लाइन एकच. या खालच्या काकूंशी आईचं अगदी गूळपीठ होतं. इकडून वाटी गेली की तिकडून भरून यायची. आमच्याकडे फोन नव्हता, नातेवाईक त्यांच्याच नंबरवर करायचे, आणि काकू जिन्यातून हाक मारायच्या, "अहो वहिनी, फोन!"

मग एका उन्हाळ्यात आमच्या नळाला करंगळीएवढीसुद्धा धार येईना. कुणीतरी आईच्या कानात घातलं, खाली चोरून मोटर लावलीय. झालं! आईने विचारलं नाही, पाहिलं नाही. जिन्यात उभी राहिली आणि खालच्या दुकानदारांसकट अख्ख्या बिल्डिंगसमोर काकूंना पाणीचोर म्हणाली. काकूंनी दार लावून घेतलं. त्या दिवसापासून बोलणं बंद, फोन बंद, वाट्या बंद. मोटर खरंच होती का, ते मला आजही माहीत नाही.

त्यानंतर वर्षभरात ताईचं लग्न ठरलं. लग्न आठवड्यावर आलेलं, आणि नाशिकला पंचवटीत राहणाऱ्या आत्याने केळवणाला बोलावलं. लग्नाआधी नवरीला जेवू घालायचा आत्याचा मान, नाही म्हणायची सोय नाही. रविवारी जाऊन त्याच दिवशी परत यायचं ठरलं. घरात आतल्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जमिनीवर चादरी पसरून त्यावर ताईचा शालू, तिच्या सासूच्या, नणंदांच्या मानाच्या साड्या, आणि बाजूला आई आणि ताईने वर्षभर खपून केलेलं रुखवत. कपाट केव्हाच भरून गेलं होतं. निघताना आईने मोरीच्या भोकात फडक्याचा बोळा कोंबला, वर दगड ठेवला. घर बंद असलं की घुशी यायच्या ना!

नाशिकला उतरलो तर ऊन वर आलेलं. आत्याकडे जायच्या आधी आईला भांडी बाजारात जायचं होतं. तिथे तिने घासाघीस करकरून ताईसाठी तांब्याची कळशी घेतली. मी आणि ताई तोंड लपवून लांब उभ्या. मग रामकुंडावर गेलो. नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात. घाटावर ही गर्दी, कुणी डुबक्या मारतंय, कुणी पिंडदान करतंय, कुणी धुणं बडवतंय. आई म्हणाली, कळशी आधी गंगेत विसळून घेऊ. पायरीवर बसून तिने ती आडवी पाण्यात धरली. कळशी डुबुक डुबुक करत भरायला लागली आणि आईचा हात तिथेच थांबला.

"अगं," ती म्हणाली, "नळ!"

"काय नळ?"

"बोळा मी लावला. नळ कुणी बंद केला?"

आम्ही चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. कुणीच केला नव्हता, आणि आज पाण्याचा दिवस होता. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. पिंप भरणार, मोरी भरणार, कट्ट्यावरून पाणी सरळ आतल्या खोलीत, शालूवर. बाबा म्हणाले, "होईल ते होईल, आता इथून काय करणार?" मला असा संताप आला त्यांचा! आठवड्यावर लग्न, आणि म्हणे होईल ते होईल.

किल्ली शेजारी दिलेली नव्हती. फोन करायचा तर नंबर एकच होता. आईला तो तोंडपाठ. एसटीडी बूथमध्ये तिने तो आकडा आकडा करून मला सांगितला आणि रिसीव्हर माझ्याच हातात दिला. "तू बोल. माझा आवाज ऐकला तर ठेवेल ती."

"काकू, मी वरची बोलतेय, नाशिकहून. आमचा नळ उघडा राहिलाय, मोरीत बोळा आहे. आणि आत ताईच्या लग्नाच्या साड्या आहेत."

"किल्ली?" काकूंनी विचारलं.

"आमच्याकडेच आहे."

आई माझ्या कानाशी कुजबुजली, "सांग, कुलूप फोडा." मी सांगितलं.

"मी? तुमचं कुलूप?" काकू म्हणाल्या. "नाही हो बाई. उद्या घरातलं काही गेलं तर नाव कुणाचं येईल?" आणि फोन ठेवला.

आईला मी जसंच्या तसं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पदराने तोंड पुसलं.

आणि केळवण! आत्याने पुरणपोळी केलेली, ताटाभोवती रांगोळी, ताईला पाटावर बसवून ओवाळलं. ताईच्या घशाखाली घास उतरेना. "आईबापाला सोडून जायचं म्हणून कासावीस झालीय पोर," आत्या म्हणाली आणि आणखी एक पोळी वाढली. मला ओरडावंसं वाटत होतं, अहो आत्या, पोळी राहू द्या, घरात पाणी भरतंय! पण आईने डोळे वटारले. केळवणात अशुभ बोलायचं नाही. निघताना आत्याने आमचा लाडवांचा डबा परत दिला, आत मूठभर साखर घालून. "रिकामा कसा देऊ?" म्हणाली.

ठाण्यापर्यंत एसटी, पुढे घोडबंदर रोडने भाईंदर. कसारा घाटात गाडी तापली म्हणून उभी राहिली, तेव्हा ताई रडायलाच लागली. आई कळशी मांडीवर घट्ट धरून खिडकीबाहेर बघत होती.

दिवेलागणीला घरी पोचलो. जिन्यात ओल नव्हती, कुलूप जागेवर होतं. बाबांनी दार उघडलं, पण आई उंबऱ्यातच थांबली. "तू जा आधी," मला म्हणाली. मी चपला काढून आत गेले. फरशी कोरडी ठणठणीत. शालू जसाच्या तसा. नळ उघडाच, पण थेंब नाही.

"आलंच नाही पाणी!" मी ओरडले. आई हसत हसत मटकन खालीच बसली. "देवा, आज पहिल्यांदा पाणी आलं नाही म्हणून तुझे उपकार!"

तेवढ्यात बिल्डिंगचा वॉचमन वर आला. "पानी आया था भाभी, दोपहर में, बहुत फोर्स से. नीचेवाली मॅडम ने पहले ही नीचे लाइन का कॉक बंद करवाया था. आपका फोन आया ना, तभी."

"और उनका पानी?" बाबांनी विचारलं.

"उनका भी बंद. लाइन तो एक ही है ना साब. मैं बोला, अपना तो भर लो. बोली, खोलेगा तो ऊपर जाएगा. दिनभर वहीं बैठी थी, कोई खोले नहीं करके."

आई उठली. आमच्याकडे लग्नासाठी राखलेले दोन हंडे भरलेले होते. हंडा तिला उचलवेना, म्हणून तिने नवी कळशी भरली. ताई म्हणाली, "आई, ती माझी कळशी!" आई म्हणाली, "असू दे," आणि जिना उतरली. मी मागोमाग.

काकूंनी दार उघडलं. त्यांच्या मागे स्वयंपाकघरात खरकट्या भांड्यांचा ढीग दिसत होता. आई म्हणाली, "पाणी आणलंय." काकूंनी कळशीकडे पाहिलं, मग आईकडे.

"चोरीचं नाही ना?" एवढंच म्हणाल्या.

आईने कळशी दारातच ठेवली आणि आम्ही वर आलो.

सकाळी दार उघडलं तर कळशी आमच्या उंबऱ्याशी उभी होती. आईने घाईघाईने आत हात घातला, तळापर्यंत चाचपला. साखर नाही, काही नाही. मग ती उजेडात धरून बघत राहिली. तांबं लख्ख चमकत होतं.

"घासून दिलीय गं," ती म्हणाली. "घरात पाणी नसताना घासून दिलीय."

आणि माझी आई तिथे दारात बसून जी रडली, तेवढी ताईच्या पाठवणीलासुद्धा रडली नाही.