कपाळावरचा गॉगल

संत तुकाराम नगरात माझं एअरसॉफ्टचं दुकान आहे. म्हणजे खऱ्यासारख्या दिसणाऱ्या, प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या खेळातल्या बंदुका. छर्रा अंगाला लागला तर वळ उठतो, डोळ्याला लागला तर डोळा जातो. म्हणून माझा एकच नियम: धड गॉगल नसेल तर बंदूक मिळणार नाही. या एका नियमापायी मी रोज जी डोकेफोड करतो ती माझी मलाच ठाऊक. बंदूक बघून डोळे चमकतात आणि गॉगलचं नाव काढलं की तोंडं वाकडी!

चाकणच्या एका कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवणारा एक जण आला. तिथल्याच जुन्या गावकऱ्यांपैकी, बोलायला गोड. बंदूक पसंत केली. मी गॉगल पुढे ठेवला.

"ह्यो कशाला? कंपनीनं दिलेला हाय की घरी."

"मग तो आणून दाखवा."

गुरुवारी, कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, तो गॉगल घालून आला. कुठे? कपाळावर! कारखान्यात निम्मे लोक असाच घालतात. सेफ्टी ऑफिसर राउंडला निघाला की कुणीतरी शिट्टी मारतं, गॉगल खाली. त्याची पाठ फिरली की गॉगल वर. ही सवय इतकी मुरलेली, की आपण तो डोळ्यांवर घातलेला नाही हे याच्या गावीही नव्हतं.

"दादा, छर्रा काय शिट्टी मारून येतो का?"

तो हसला. "आमी काय ल्हान पोरं हाय का, राव? खेळताना घिऊ की खाली."

"आणि घाम येऊन काच धुरकटली म्हणजे?"

"मंग वर घिऊ."

घ्या! काय बोलणार कपाळ? मी बंदूक उचलून कपाटात परत ठेवली. त्याचा पारा चढला. "धंदा करायला बसलाय का मास्तरकी करायला?" म्हणाला आणि तरातरा निघून गेला. दुसऱ्या एका दुकानदाराने त्याला काहीही न विचारता तीच बंदूक दिली, वर छर्र्यांची पिशवी फुकट. आणि लोकांत आडमुठा कोण ठरला, तर मी.

दिवाळी झाल्यावर तो परत आला. उजव्या डोळ्याची पापणी अर्धी मिटलेली. मी विचारायच्या आधी त्यानेच सांगितलं. राजगुरुनगरच्या पुढे मित्राच्या रानात खेळत होते. काच धुरकटली, याने गॉगल वर केला. आता त्या डोळ्याला नुसता उजेड कळतो. फोर्कलिफ्टवरून उतरवून त्याला गोदामात खोकी लावायला ठेवलंय.

मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त संताप आला. त्याचा आला, त्या दुकानदाराचा आला. पण आता कुणावर ओरडायचं? मी चहा मागवला.

"चांगले गॉगल दाखव," तो म्हणाला. "माझ्याबरोबर खेळणाऱ्यांसाठी. अजून खेळत्यात."

"त्यांनाच घेऊन ये ना. चेहऱ्याला नीट बसतात का ते बघून देतो."

"येत न्हाईत," तो म्हणाला. "रोज सांगतो, भावा. डोळा दाखवून सांगतो. तर म्हणत्यात, तुझं नशीबच फुटकं, आमाला काय होतंय!"