कांतामावशीचा प्रश्न

आमच्या बाभुळगावात माझ्या मेडिकलच्या काउंटरवर सतरा वर्षांत हजारो माणसं येऊन गेली, पण प्रश्न विचारून नाकी नऊ आणणारी बाई एकच. कांतामावशी. बाकीचे लोक चिठ्ठी पुढे करतात, गोळ्या घेतात आणि निघतात. मावशी चिठ्ठी हातातच धरून ठेवायची. आधी प्रश्न, मग चिठ्ठी.

"बापू, हे गोळी पिवळी काहून हाये? मागची तं पांढरी होती."

"जेवल्यावर काहून खायाची? आधी खाल्ली तं काय होते?"

एकदा तर स्ट्रिपच्या मागची तारीख वाचून म्हणाली, "या तारखेच्या दुसऱ्या दिवशी इचं काय जहर होते काय?" मी म्हणालो, "मावशी, तुम्ही गोळी खायला घेता की परीक्षेला बसायला?" ती खो खो हसली आणि पुढचा प्रश्न विचारला.

मी तसा तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. डी.फार्म. केलं, दुकान टाकलं, चार लोक 'सर' म्हणायला लागले आणि मला वाटायला लागलं की औषधातलं आपल्याला कळतं, लोकांनी फक्त ऐकावं. मावशी आमच्याच वस्तीतली, माझ्या आईच्या बरोबरीची. तिला मी सहन करायचो, म्हणजे उत्तर द्यायचो आणि वर दोन टोमणे मारायचो.

तिची सगळी जिंदगीच विचारण्यात गेली होती. बेंबळा नदीकाठच्या खेड्यात जन्म. चौथीत असताना बापानं शाळेतून काढून कापूस वेचायला लावलं. "काहून, म्हणून इचारलं होतं मी बाले," ती सांगायची, "पण तो काही बोललाच नाई." लग्न होऊन बाभुळगावात आली. नवरा देवराव, बांधकामावरचा मिस्त्री. मुलगा राजदीप शाळेत जायला लागला तशी ही चुलीपाशी त्याच्याबरोबर बसून पुन्हा पहिलीपासून शिकली. पोराला एक अक्षर अडलं की हिला दोन अडायची, आणि दुसऱ्या दिवशी ही थेट शाळेत जाऊन मास्तरांना गाठायची. पुढे त्याच शाळेत ती मुलांची खिचडी शिजवायला लागली.

आणि वर्षावासात विहारात ग्रंथ वाचायची. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने रोज संध्याकाळी आमच्याकडे वाचन चालतं. वस्तीत पदवीवाले पाच-पंचवीस असतील, पण अकरा वर्षं वाचायचा मान मावशीचा. पांढरी साडी, चष्मा, ओळीखाली बोट. अवघड शब्द आला की थांबायची आणि समोरच्यांना विचारायची, "याचा अर्थ कोणाले ठाव हाये?" कोणाला ठाऊक नसला तर दुसऱ्या दिवशी भंतेजींना विचारून यायची आणि मगच पुढचं पान उलटायची. त्यामुळे ग्रंथ कधीच वेळेत संपत नसे. माझी आई म्हणायची, कांता वाचते तेव्हाच मला समजते. तिचं वाचन हा तिच्या आयुष्याचा खरा थाट होता. तिला दुसरा कसला हव्यास नव्हता.

सात वर्षांपूर्वी तिला शुगर निघाली. गोळी दिवसातून दोनदा, सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी. तेव्हाच तिनं पौर्णिमेचं विचारलं होतं. पौर्णिमेला ती अष्टशील घ्यायची, उपोसथ करायची. त्या दिवशी दुपारी बारानंतर अन्न नाही, थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. मी सांगितलं होतं, रात्री जेवण नाही तर रात्रीची गोळीही नाही. सोपं होतं. सात वर्षं तिनं तसंच केलं आणि काही बिघडलं नाही.

मग यंदा श्रावणात ती गोळी यायची बंद झाली. स्टॉकिस्ट म्हणाला, कंपनीनं माल काढणंच बंद केलंय. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, दुसऱ्या कंपनीची दे, तेच औषध, पण दुप्पट ताकदीची, सकाळी एकच, ती दिवसभर काम करत राहते. पंधरा दिवस मात्र लक्ष ठेव. शुगर एकदम उतरू शकते. घाम, हाताला थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गोंधळ. असं काही दिसलं तर लगेच साखर खायला घालायची.

मावशी आली तो बाजाराचा दिवस होता. काउंटरवर ही गर्दी. मी तिला सगळं नीट सांगितलं, हे खरं आहे. घाम सांगितला, थरथर सांगितली, साखरेची पुडी जवळ ठेवा म्हणालो. तिनं नवी स्ट्रिप उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं,

"बापू, पौर्णिमा आली नं जवळ. मी तं बारानंतर जेवत नाई. आधी संध्याकाळची गोळी सोडून देत होती. आता हे सकाळीच पोटात गेली तं रातच्याले काय करू?"

इतका स्वच्छ प्रश्न होता तो. फार्मसीच्या तोंडी परीक्षेत मास्तर असाच प्रश्न विचारतात. उत्तर एका ओळीचं होतं: त्या दिवशी गोळी घेऊ नका, किंवा थांबा, डॉक्टरांना विचारतो. मला ते येत नव्हतं असंही नाही. पण मागे लोक खोळंबले होते, एकजण नोट नाचवत होता, आणि माझं डोकं फिरलं.

मी म्हणालो, "मावशी, सकाळी एक म्हणजे सकाळी एक. रोज. चुकवायची नाही. तुमच्या प्रश्नांनी माझी शुगर उतरून राह्यली. प्रश्न बंद करा अन् गोळी सुरू करा."

सगळी लाइन हसली. मीही हसलो. आपण काय झकास बोललो, असंच मला वाटलं. मावशीही हसली. चिठ्ठी घडी करून कमरेच्या बटव्यात ठेवली आणि गेली. तिनं पुन्हा विचारलं नाही. सतरा वर्षांत पहिल्यांदा तिनं एक प्रश्न पुन्हा विचारला नाही, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

पुढचे आठ दिवस मी लक्ष ठेवलं. शाळेत जाताना ती दुकानावरून जायची. मी आतूनच ओरडायचो, "मावशी, घाम?" "नाई बापू." "थरथर?" "नाई." "चक्कर?" "तुमचं दुकान पाह्यलं का येते!" असा आमचा कार्यक्रम. दुकानातल्या लोकांना कौतुक वाटायचं, बघा, हा मेडिकलवाला पेशंटची किती चौकशी करतो. मलाही माझं कौतुक वाटत होतं.

नवव्या दिवशी पौर्णिमा होती. तिनं सकाळी गोळी घेतली, साडेअकराला भाजी-भाकर खाल्ली. दुपारभर विहाराच्या मागं खिरीचं गंज, म्हणजे मोठं पातेलं, ढवळत होती. खीर उपोसथ नसलेल्यांसाठी आणि लेकराबाळांसाठी. चव पाहायलाही तिनं सून रुपालीला सांगितलं.

संध्याकाळी आईला सोडायला मी विहारात गेलो होतो, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. मावशी वाचत होती. एक ओळ तिनं तीनदा वाचली. लोकांना वाटलं, महत्त्वाची ओळ असेल, समजावून देते आहे. मलाही तेच वाटलं. तिचं पोलकं पाठीवर चिंब भिजलेलं होतं. पण त्या दिवशी उकाडाच तसा होता, लाइट गेलेली, सगळेच घामानं निथळत होते. आठ दिवस मी ज्या घामाची चौकशी करत होतो तो माझ्यासमोर पाच हातांवर होता, आणि मी रुमालानं माझा पुसत उभा होतो.

वाचन थांबलं. मग नेहमीसारखं दहा मिनिटं ध्यान. दहा मिनिटांनी सगळ्यांनी डोळे उघडले, मावशीनं नाही. भिंतीला टेकून, मांडी घालून, हात मांडीवर, अगदी शांत. एक बाई हळूच म्हणाली, "मावशीचं ध्यान लागलं वाटते. राहू द्या, हात नोका लावू." आमच्यात ध्यानातल्या माणसाला कोणी हलवत नाही. लोक पाय न वाजवता बाहेर गेले, खीर वाटली, खाल्ली. मीसुद्धा एक वाटी खाल्ली. पाऊण तास, कदाचित जास्तच, ती तिथं तशी एकटी बसून होती आणि आम्ही सगळे तिचा मान राखत होतो.

रुपाली बोलवायला गेली, खांद्याला हात लावला, तशी मावशी एका बाजूला कलंडली.

ग्रामीण रुग्णालयात सलाइनमधून ग्लुकोज दिलं, तिथून यवतमाळला नेलं. तिच्या बटव्यात मी सांगितलेली साखरेची पुडी होती, बांधलेली तशीच. दुसऱ्या दिवशी भंतेजी आले. ते म्हणाले, आजारी माणसाला औषध म्हणून साखर, गूळ, मध केव्हाही घेता येतो, त्यानं शील मोडत नाही. हे आमच्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हतं. मावशीनं त्यांना विचारलं असतं तर कळलं असतं. पण प्रश्न बंद करा असं तिला सांगितलेलं होतं.

तिथल्या डॉक्टरांनी देवरावला विचारलं, बाई उपाशी राहणार हे औषध देणाऱ्याला सांगितलं नव्हतं का? देवराव माझ्याकडे पाहायला लागला. मी म्हणालो, "मी तर सगळं समजावून सांगितलं होतं."

वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते माझ्या तोंडातून इतकं सहज निघालं. मी त्या एका वाक्यामागं लपलो, आणि आठवड्याभरात ते वस्तीभर झालं. मेडिकलवाल्यानं सगळं सांगितलं होतं, कांतानंच विचारलं नाही. सगळ्या जगाला विचारते आणि नेमकं तिथं विचारलं नाही. बाजाराच्या दिवशी लाइनीत हसलेले लोक बाहेरगावचे होते. वस्तीतल्या कोणी ते ऐकलेलं नव्हतं.

चौथ्या दिवशी मावशी शुद्धीवर आली. चालते, बोलते, माणसं ओळखते. पण त्या महिन्यातलं तिला काही आठवत नाही, आणि नवं ध्यानात राहत नाही. अक्षरं येतात. क, म, ल सगळं येतं. ओळ मात्र अर्ध्यावर गेली की सुरुवातीचं निसटून जातं. शुगर फार वेळ खाली राहिली, मेंदूला मार बसला, डॉक्टर म्हणाले. वर्षावासाचं उरलेलं वाचन रुपालीनं केलं. ती सरसर वाचते, कुठंच अडत नाही. यंदा ग्रंथ वेळेत संपला. मावशी पहिल्या रांगेत बसायची आणि वाचन संपलं की सगळ्यांबरोबर 'साधू' म्हणायची. अर्थ कोणाला विचारायची नाही.

दिवाळीनंतर देवराव तिला घेऊन दुकानात आला. गोळी आता पुन्हा बदलली होती, साधी, शुगर एकदम न उतरवणारी. मी स्ट्रिप पुढे केली. देवराव वैतागलेला होता, घरी काहीतरी झालं असावं. तो तिच्यावर खेकसला, "नीट इचारून घे आता. साऱ्या दुनियेले इचारत होती, अन् जिथं इचाराचं तिथंच तुह्यं तोंड शिवलं होतं!"

मावशीनं मान खाली घातली. "व्हय. माह्यंच चुकलं. इचाराले पाह्यजे होतं मी."

जिनं बापाला विचारलं, मास्तरांना विचारलं, भंतेजींना विचारलं, ती बाई माझ्या काउंटरपुढं मान खाली घालून, न विचारल्याची माफी मागत होती. माझ्यानं ऐकवेना. लाज वाटली, स्वतःची भयंकर लाज वाटली.

"देवरावभाऊ," मी म्हणालो, "मावशीनं विचारलं होतं."

आणि सगळं सांगितलं. तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत सांगितला. माझं उत्तरही सांगितलं, लोक हसले ते आणि मी हसलो तेही. देवराव काउंटरची काच दोन्ही हातांनी धरून उभा होता. तो मारेल असं मला वाटलं, आणि मारावं असंही वाटलं. पण त्यानं स्ट्रिप काउंटरवरच ठेवली आणि पायरी उतरून गेला. तो आता औषध दुसऱ्या दुकानातून नेतो.

मावशी मात्र जागची हलली नाही.

"मी इचारलं होतं?"

"हो मावशी."

"बारानंतरचं? सकाळच्या गोळीचं?"

"सगळं विचारलं होतं. बरोबर विचारलं होतं."

तिचा चेहरा असा उजळला की मला पाहवेना. ती दारातून ओरडली, "ऐकलं काय हो, राजदीपचे बाबा! म्या इचारलं होतं! मी काई एवढी येडी नाई!" मग माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "लय चांगलं झालं सांगतलं बापू. मले वाटे, माह्यीच अक्कल गेली होती." माझ्या चुकीचं तिनं काहीच मनावर घेतलं नव्हतं. ती माझे आभार मानत होती.

चार दिवसांनी ती एकटीच आली. औषध नको होतं. पायरीवर उभी राहून, थोडी शरमून म्हणाली, "बापू, सारे म्हणतात मी त्या गोळीचं तुमाले इचारलंच नाई. खरं हाये काय?"

तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं. राहत नाहीच. आठवड्यातून एकदा-दोनदा येते, पायरीवर उभी राहते आणि तेच विचारते. मी हातातलं काम ठेवतो. दुकानात कितीही लोक असले तरी पहिल्यापासून सगळं सांगतो, तिनं काय विचारलं, मी काय बोललो, कसा हसलो. आणि ती दर वेळी तितकीच खूश होऊन घरी जाते.